स्वप्न गोडच असावें हा हट्ट

आपल्याकडे चित्रकलेसंबंधीं जें कांहीं लिहिलें व बोललें जातें त्यांत एका विशेषणाचा सुळसुळाट अलीकडे फार झाला आहे. तें विशेषण म्हणजे 'स्वप्नमय'. चित्रांतलें आकाश नेहमींपेक्षां अधिक निळें असलें, झाडाला पानांऐवजीं पांखरें लागलेलीं असलीं, किंवा घर जमिनीवर उभें न राहतां अधांतरीं तरंगत असलें, कीं पाहणारे माना डोलावतात आणि म्हणतात, "काय स्वप्नमय देखावा आहे!" एकदां हें म्हटलें कीं पुढें पाहावयाचें असें कांहीं उरत नाहीं. चित्र आपल्या भिंतीवर राहतें, पाहणारा आपल्या घरीं जातो, आणि एकमेकांचा एकमेकांस कांहीं उपद्रव झाला नाहीं याचें उभयतांस समाधान वाटतें. आमचें म्हणणें असें आहे कीं, हें विशेषण आतां स्तुतीचें राहिलेलें नसून पळवाटेचें झालें आहे. ज्या अतिवास्तववादी संप्रदायाच्या चित्रांस तें विशेषेंकरून चिकटविण्यांत येतें त्यांच्यावर तर त्या योगें उघड अन्याय होत आहे. या अन्यायाची झळ चित्रांपेक्षां आपणांसच अधिक लागते, म्हणून हा लेखनप्रपंच.

वाद मोघम राहूं नये यासाठीं आम्ही एकच कृति समोर ठेवून बोलणार आहों. माक्स एर्न्स्ट (१८९१–१९७६) हा चित्रकार जर्मनींत कोलोन शहराजवळील ब्रूल या गांवीं जन्मला व १९२२ पासून फ्रान्समध्यें राहूं लागला. त्यानें १९२४ सालीं एक चित्र तयार केलें. त्याचें नांव 'दोन मुलांना नाइटिंगेलपासून धोका'. तें आज न्यूयॉर्क येथील आधुनिक कलेच्या संग्रहालयांत आहे. त्याची उंची सुमारें ७० सेंटिमीटर आणि रुंदी सुमारें ५७ सेंटिमीटर. येथवर कांहीं विशेष नाहीं. परंतु त्या चित्राचें तिसरेंहि एक माप नोंदलेलें आहे. तें खोलीचें, आणि तें ११ सेंटिमीटरांहून थोडें अधिक भरतें. ज्या चित्राची खोली पट्टी लावून मोजावी लागते तें धुक्याचें किंवा वाफेचें बनलेलें नाहीं, एवढी गोष्ट तरी प्रथम मान्य व्हावी.

या चित्रांत आहे तरी काय? वर निळें आकाश, क्षितिजाकडे फिकें होत गेलेलें. खालीं हिरवळ. दूर एक कमान आणि घुमटाची एक इमारत. डावीकडे लाल रंगाचें एक फाटक, उजवीकडे एक लहानसें घर. येथवरचें वर्णन ऐकून कोणीहि म्हणेल कीं, हा तर सुंदर देखावा झाला. परंतु तें फाटक रंगानें काढलेलें नाहीं. तें खरोखरच्या लांकडाचें आहे, आणि चित्राच्या आंत नव्हे तर बाहेर, चौकटीवर, आपल्या अंगाच्या बाजूस उघडलेलें आहे. घरहि लांकडाचेंच करून बसविलेलें आहे. उजवीकडे चौकटीवर एक गोल मूठ आहे, दाराला असते तशी. हातांत सुरी घेतलेली एक मुलगी धांवत आहे. दुसरी निपचित पडली आहे. घराच्या छपरावर एक पुरुष एका मुलास कवटाळून तोल सांभाळीत आहे, आणि त्याचा एक हात त्या मुठीकडे पुढें झाला आहे. या सर्व आकांताचें कारण कोणतें, तर आकाशांत उडणारा एक चिमुकला पक्षी. आणि जणुं शंकेला जागाच राहूं नये म्हणून चित्रकारानें चित्राचें नांव स्वतःच्या हातानें, फ्रेंच भाषेंत, चौकटीच्या खालच्या भागावर लिहून ठेविलें आहे.

नाइटिंगेल हा युरोपीय काव्यांतला मोठा लाडका पक्षी. रात्रीं गाणारा, प्रेमिकांचा सोबती, विरहाचा साक्षी. आपल्या काव्यांत कोकिळेला जो मान, तोच तिकडे त्याला. या गोड गळ्याच्या पक्ष्यापासून मुलांना धोका आहे, असें एर्न्स्ट लेखी कळवितो; आणि तरीहि प्रेक्षक तें चित्र 'स्वप्नमय' म्हणून डोळे मिटून घेतो! चित्रांतील मुलगी जीव घेऊन पळत आहे आणि पाहणाऱ्यास आकाशाच्या निळाईनें गुंगी आली आहे. याला रसिकता म्हणावयाचें असेल तर अरसिक कोणास म्हणावें हा प्रश्नच आहे.

या प्रेक्षकाच्या मनांत स्वप्नाविषयींची एक ठराविक कल्पना दडलेली असते. स्वप्न म्हणजे जगाच्या जाचांतून सुटका, स्वप्न म्हणजे मऊ, तरल, अर्थाच्या कचाट्यांत न सांपडणारें कांहींतरी. ही कल्पना त्यानें कोठून घेतली हें त्याचें त्याला माहीत. आपल्या भाषेनें तरी ती त्याला दिलेली नाहीं. मनीं वसे तें स्वप्नीं दिसे, असें आपल्या आज्या सांगत आल्या. या पांच शब्दांत सुटकेचें नांव नाहीं. दिवसा जें मनांत घर करून बसतें तेंच रात्रीं समोर उभें राहतें, एवढेंच त्या सांगतात. व्हिएन्ना येथील सिग्मंड फ्रॉइड या वैद्यानें १८९९ च्या अखेरीस स्वप्नमीमांसेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रकाशकानें त्यावर १९०० हें साल घातलें. त्याचे सर्वच सिद्धान्त आज कोणी डोळे झांकून मान्य करीत नाहीं, आणि आम्हीहि करीत नाहीं. परंतु स्वप्नाच्या घडणीविषयीं त्यानें एक गोष्ट बारकाईनें दाखविली. स्वप्न आपली सामग्री बहुधा आदल्या दिवसाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून उचलतें, दोन माणसांचें मिळून एक माणूस करतें, आणि एका वस्तूचें महत्त्व भलत्याच वस्तूवर नेऊन ठेवतें. म्हणजे स्वप्न हेंच मुळीं कात्री आणि खळ घेऊन बसलेलें असतें.

येथें आपण 'कोलाज' या शब्दापाशीं येऊन पोंचतों. चिकटविणें या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून हा शब्द झाला. निरनिराळ्या ठिकाणचे तुकडे एकत्र चिकटवून केलेलें चित्र तें कोलाज. मराठींत आपण त्यास चिकटचित्र म्हणूं. चित्रांत परकी वस्तु आणून चिकटविण्याची ही रीत आधुनिक चित्रकलेंत १९१२ सालीं पॅरिसमध्यें पिकासो व ब्राक यांनीं रूढ केली. पिकासोनें खुर्चीच्या वेताच्या विणीचा छाप असलेलें मेणकापड आपल्या चित्रांत बसविलें, तर ब्राकनें लांकडाच्या नक्षीचा छापील कागद कापून लाविला. त्यांचा प्रश्न असा होता कीं, चित्रांतली वस्तु व खरी वस्तु यांत अंतर तें किती? एर्न्स्टनें हीच कात्री हातीं घेतली, पण प्रश्न निराळा विचारला. ज्या दोन वस्तूंची भेट जागेपणीं कधींच होऊं दिली जात नाहीं त्यांची भेट झाली तर काय होईल, हें त्याला पाहावयाचें होतें.

आतां कोणी म्हणेल कीं, चित्रावर वस्तु चिकटविणें ही कांहीं परदेशी नवलाई नव्हे. आमच्या घरांतूनहि तें होत असे. हें खरें आहे. राजा रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला आणि त्याच्या लक्ष्मीसरस्वतींच्या रंगीत तसबिरी घरोघर गेल्या. तशा तसबिरींवर जर, टिकल्या व कापडाचे तुकडे लावून देवीला खरोखरचें लुगडें आणि खरोखरचे दागिने घालीत. अशा सजविलेल्या तसबिरी आजहि पाहावयास मिळतात. हें काम मोठ्या निगुतीचें आहे, आणि त्याला कमी लेखण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु दोहोंतला भेद स्पष्ट आहे. टिकली लावणारी देवीला अधिक देवी करते. जें मुळांत आहे तेंच ती उजळते. एर्न्स्टचें लांकडी फाटक चित्राला सजवीत नाहीं, तें चित्राची शिस्त मोडतें. चौकटीच्या आंतलें तें खोटें आणि बाहेरचें तें खरें, अशी जी समजूत आपण चित्राकडे येतांना सोबत आणतों, तिलाच तें धक्का देतें. तसबीर म्हणते, मला नमस्कार कर. हें चित्र म्हणतें, दार उघडें आहे.

आणि या दाराच्या मागें काय आहे हें सांगण्यास एर्न्स्टनें कांहीं कमी केलें नाहीं. लहानपणीं गोंवराच्या तापांत पडला असतां खाटेसमोरच्या नकली महॉगनी लांकडाच्या तक्त्यावरील रेषांत आपणांस कधीं डोळा, कधीं नाक, कधीं पक्ष्याचें डोकें आणि कधीं एक भिववणारा नाइटिंगेल दिसला, असें त्यानें पुढें लिहून ठेविलें आहे. त्याची वडील बहीण मारिया १८९७ सालीं वारली; तेव्हां तो सहा वर्षांच्या आंतबाहेर होता. आम्ही असें म्हणत नाहीं कीं, पडलेली मुलगी म्हणजे मारिया आणि छपरावरचा पुरुष म्हणजे मृत्यु. चित्राचें असें गणित सोडविणारे पंडितहि आम्हांस फारसे प्रिय नाहींत. कारण उत्तर मिळालें कीं तेहि चित्राकडे पाठ फिरवितात. आमचें म्हणणें इतकेंच कीं, ज्या लांकडांत एका तापलेल्या पोराला भय दिसलें तेंच लांकूड तीस वर्षांच्या आंत चित्राच्या अंगावर येऊन उभें राहिलें, ही गोष्ट तरलतेची नव्हे. ही आठवणीची गोष्ट आहे, आणि तिचें वजन लांकडाइतकेंच आहे.

त्या तीस वर्षांत आणखीहि कांहीं घडलें होतें. १९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें, आणि एर्न्स्ट जर्मन तोफखान्यांत चार वर्षें राबला. आत्मवृत्ताच्या टिपणांत त्यानें स्वतःविषयीं अशी नोंद केली आहे कीं, आपण १ ऑगस्ट १९१४ रोजीं मेलों आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं पुन्हां जिवंत झालों. पुढच्याच वर्षीं, १९१९ मध्यें, कोलोन येथें त्याच्या हातीं शाळांना लागणाऱ्या साहित्याची एक सचित्र यादी पडली. तींत शरीररचनेच्या आकृति, खनिजें, सूक्ष्मदर्शकांतून दिसणारे जीव, यंत्रें, सर्व कांहीं शेजारीं शेजारीं छापलेलें. ज्या विद्येनें जगाची अशी नीटनेटकी यादी केली त्याच विद्येनें विषारी वायु आणि लांब पल्ल्याच्या तोफाहि केल्या होत्या. अशा काळांत त्या यादीचीं पानें कापून व त्यांवर रंग चढवून नवीं चित्रें करावींशीं वाटणें हा छंदिष्टपणा नव्हता. सुव्यवस्थित म्हणविणारें जग किती अव्यवस्थित आहे, याची ती त्याच जगाच्या कागदांवर लिहिलेली साक्ष होती. ऑक्टोबर १९२४ मध्यें आंद्रे ब्रतों यानें अतिवास्तववादाचा जाहीरनामा काढला. आपलें चित्र त्याच सालचें आहे. या संप्रदायाचीं स्वप्नें युद्धाच्या छावणींतून आणि इस्पितळांतून निघालेलीं आहेत. ब्रतों स्वतः युद्धकाळांत मनोरुग्णांच्या शुश्रूषेवर होता. त्यांस जगापासून पळ काढल्याचा दोष देणें म्हणजे साक्षीदारालाच फरारी ठरविण्यासारखें आहे.

आतां विरुद्ध बाजूच्या मंडळींकडे वळूं. कित्येक सद्‌गृहस्थ म्हणतात, "यांत कला ती कसली? चार तुकडे कापून चिकटविणें हें तर आमचा बंडू शाळेंत चिकटकामाच्या तासाला करतोच." या सद्‌गृहस्थांस आम्ही एवढेंच विचारतों कीं, त्यांनीं कधीं करून पाहिलें आहे काय? १९३४ सालीं एर्न्स्टनें एक चित्रकादंबरी पांच पुस्तिकांत प्रसिद्ध केली. तींत १८२ चिकटचित्रें आहेत, आणि त्यांची बहुतेक सामग्री एकोणिसाव्या शतकांतील स्वस्त कादंबऱ्यांच्या लांकडी ठशांतून घेतलेली आहे. दिवाणखान्यांतल्या सभ्य पुरुषाच्या धडावर पक्ष्याचें डोकें, निजलेल्या स्त्रीला पंख, आणि भोंवतीं तेंच जड सामान, तेच पडदे. हें कापकाम इतकें नेमकें कीं, प्रतिमा छापून निघाल्यावर सांधा कोठें आहे तें हुडकूनहि सांपडूं नये. ठशाच्या रेषांची जाडी, प्रकाशाची दिशा, आकृतीचें प्रमाण, यांतलें एक जरी चुकलें तरी सर्व खेळ फसला असता. जेथें सांधा लपवावयाचा तेथें त्यानें असा लपविला, आणि नाइटिंगेलच्या चित्रांत जेथें सांधा दाखवावयाचा तेथें प्रत्यक्ष फाटक लावून दाखविला. सांधा केव्हां झांकावा आणि केव्हां उघडा टाकावा हें ज्याला कळतें तो कारागीर. बंडूस हें पुढेंमागें कळेलहि. परंतु त्याच्या वडिलांनीं तोंवर जरा दम धरावा.

यावर प्रतिपक्षाचा एक वकील पुढें सरसावून म्हणेल, "अहो, पण एर्न्स्ट स्वतःच सांगतो कीं, कोलाज म्हणजे बुद्धीच्या पलीकडची गोष्ट. मग तुम्ही त्यांत कारागिरी आणि विचार कोठून आणतां?" आक्षेप वरवरचा नाहीं, म्हणून उत्तर देणें प्राप्त आहे. विहिरींतलें पाणी बुद्धीनें निर्माण झालेलें नसतें. परंतु विहीर बुद्धीनें खणावी लागते, आणि दोर किती लांब हवा हेंहि बुद्धीनेंच ठरवावें लागतें. एर्न्स्ट ज्या गोष्टीचा शोध घेत होता ती बुद्धीच्या पलीकडची असेल. तिच्यापर्यंत जाण्याची वाट त्यानें पद्धतशीर बांधली होती, आणि वस्तूंना त्यांच्या स्थानावरून पद्धतशीर हलविणें हेंच तो आपल्या कामाचें मर्म समजे. 'पद्धतशीर' या शब्दाकडे आम्ही वकीलसाहेबांचें लक्ष वेधतों. जे रसिक या चित्रांपुढें "ज्याला जें वाटेल तें" असें म्हणून हात झटकतात त्यांना ही पद्धतच दिसलेली नसते. ज्याला जें वाटेल तें असतें, तर चौकटीवर नांव लिहिण्याचा खटाटोप कशासाठीं? तेथें धोका आहे असें लिहिलें आहे. आनंदीआनंद आहे असें लिहिलेलें नाहीं.

राहतां राहिला तिसरा आक्षेप, आणि तोच आमच्या मतें खरा. तो आईबापांचा आहे. "असलीं भयंकर चित्रें घरांत कशाला? मुलांच्या मनावर परिणाम होतो. त्यांच्यापुढें सुंदर, प्रसन्न असें ठेवावें." हा आक्षेप मायेपोटीं येतो हें आम्ही जाणतों, आणि म्हणून त्याची थट्टा करणार नाहीं. परंतु त्याचा परिणाम काय होतो तेंहि पाहिलें पाहिजे.

आपल्या शाळांतून मुलांनीं काढलेला 'देखावा' आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या खिंडींतून वर येणारा अर्धा सूर्य, डोंगरांतून निघालेली नदी, कांठावर एक झोंपडी, एक नारळाचें झाड, आणि आकाशांत इंग्रजी एम् अक्षरासारखे चार पक्षी. नागपूरच्या मुलानेंहि हाच देखावा काढावा आणि रत्नागिरीच्या मुलानेंहि हाच. ज्याच्या गांवीं नदी नाहीं तोहि नदी काढतो. रत्नागिरीच्या ज्या मुलाच्या घरासमोर समुद्र आहे तोसुद्धां तो सोडून नदीच काढतो. कारण देखावा म्हणजे आपण पाहिलेलें नव्हे, मोठ्यांना आवडणारें, हें त्याला फार लवकर कळतें. आतां एर्न्स्टच्या चित्रांतील सामग्री पुन्हां मोजून पाहा: आकाश, हिरवळ, घर, फाटक, पक्षी. जवळजवळ तीच! भेद इतकाच कीं, शाळकरी देखाव्यांत माणूस नसतो, आणि असला तरी त्याला कशाचेंहि भय नसतें. त्या झोंपडींत कोणी आजारी नसतें, त्या नदीला पूर येत नाहीं, त्या पक्ष्यांकडे पाहून कोणी दचकत नाहीं. मुलाच्या हातांत खडू देऊन आपण त्याला पहिला धडा जो देतों तो असा कीं, तुला जें खरोखर वाटतें तें येथें काढावयाचें नाहीं.

हा धडा खडूपुरता राहत नाहीं. मूल रात्रीं किंचाळून उठलें तर आपण त्याला काय सांगतों? "कांहीं नाहीं, स्वप्न होतें, झोंप." घरांत कोणी वारलें तर सांगतों, "ते देवाघरीं गेले," आणि विषय बदलतों. या 'कांहीं नाहीं'नें मुलाचें भय जात नाहीं. तें बोलावयाचें नसतें, एवढेंच त्याला समजतें. पुढें तेंच मूल मोठें होऊन चित्रप्रदर्शनाला जातें, भयाच्या चित्रासमोर उभें राहतें, आणि शिकविल्याप्रमाणें म्हणतें, "काय स्वप्नमय!" म्हणजेच, "कांहीं नाहीं, झोंप." हें विशेषण आलें तें येथून. आमचा राग एका शब्दावर आहे असें कोणास वाटेल, परंतु तो शब्द ज्या संवयींतून येतो त्या संवयीशीं आमचें भांडण आहे. बहिणीच्या मृत्यूविषयीं ब्रूलच्या त्या घरांत मुलांशीं काय बोलणें झालें असेल तें असो. त्या मुलाला आपलें भय मांडण्यास लांकूड, रंग, खळ आणि एक चौकट पुढें मिळाली. आपल्या घरांतील मुलांना काय मिळतें याचा हिशेब ज्यानें त्यानें करावा.

चित्रें प्रसन्नच असावींत हा आग्रह घरापुरता राहिला तर त्याला माया म्हणतां येईल. परंतु तोच आग्रह राज्यकर्त्यांनीं धरला तर काय होतें हेंहि इतिहासांत नोंदलेलें आहे. १८ जुलै १९३७ रोजीं म्युनिक येथें हिटलरच्या राजवटीनें आपल्या पसंतीच्या कलेचें भव्य प्रदर्शन उघडलें. तेथें शांत निसर्गदृश्यें होतीं, सुदृढ शेतकरी कुटुंबें होतीं, सर्व कांहीं निरोगी आणि आश्वासक. दुसऱ्याच दिवशीं, १९ जुलै रोजीं, त्याच शहरांत 'भ्रष्ट कला' या नांवाचें दुसरें प्रदर्शन उघडण्यांत आलें. तेथें संग्रहालयांतून जप्त केलेलीं आधुनिक चित्रें टिंगलीसाठीं टांगलीं होतीं, आणि त्यांत एर्न्स्टचेंहि होतें. त्याचें तें चित्र पुढें नाहींसें झालें. नाइटिंगेलचें चित्र मात्र त्याच १९३७ सालीं न्यूयॉर्कच्या संग्रहालयानें विकत घेतलें, म्हणून आज आपण त्याविषयीं बोलूं शकतों. ज्या राजवटीला भिंतीवर केवळ प्रसन्न देखावे हवे होते तिच्या छळछावण्यांत काय चाललें होतें तें पुढें सर्व जगास कळलें. आपल्या दिवाणखान्याची तुलना आम्ही त्या राजवटीशीं करीत नाहीं. तसें करणें मूर्खपणाचें होईल. परंतु गोड चित्र हें निरोगी मनाचें लक्षण आणि भयाचें चित्र हें विकृतीचें, हा जो सोपा न्याय आपण सहज बोलून जातों, तो एकदां सरकारी न्याय झाला होता, एवढें स्मरणांत ठेवणें बरें.

शेवटीं आजच्या काळाची एक गोष्ट. 'अतिवास्तव, स्वप्नमय देखावा' असे चार शब्द संगणकाला सांगितले कीं आतां कांहीं क्षणांत चित्र तयार होतें. तरंगते डोंगर, आकाशांतले जिने, जांभळे ढग. हवीं तितकीं, हव्या त्या आकारांत. यंत्रावर आमचा राग नाहीं. त्याला जें मागितलें तें त्यानें दिलें. परंतु आपण काय मागतों तें पाहण्यासारखें आहे. आपण मागतों तें सांधा नसलेलें, कड नसलेलें, कोणाच्याहि तापाची, कोणाच्याहि बहिणीची, कोणत्याहि युद्धाची आठवण नसलेलें स्वप्न. यंत्रें येण्यापूर्वींच आपण ज्या विशेषणानें एर्न्स्टच्या चित्रांतील लांकूड काढून टाकलें होतें, त्याच विशेषणाची ही चोख अंमलबजावणी आहे. अशा चित्रांचा सुकाळ झाल्यामुळें खऱ्या चिकटचित्राचें मोल कमी होईल अशी भीति कित्येकांस वाटते. आम्हांस उलट वाटतें. गुळगुळीत स्वप्नें फुकट मिळूं लागल्यावर तरी, ज्या स्वप्नाला फाटक आहे आणि ज्याचें फाटक लागतें, त्याकडे माणसें वळून पाहतील अशी आशा करण्यास जागा आहे.

तोंवर वाचकांस आमची विनंति साधी आहे. अशा चित्रासमोर उभे राहाल तेव्हां तें विशेषण क्षणभर दूर ठेवा, आणि आधीं वस्तु मोजा. काय कापलें आहे, कोठून आणलें आहे, काय कशाशेजारीं ठेविलें आहे, सांधा कोठें दिसतो आणि कोठें झांकला आहे, कोण पळत आहे आणि कशापासून. एवढें पाहून झाल्यावर चित्र आवडलें नाहीं तर खुशाल तसें सांगा. नापसंतींतहि पाहणें असतें. आणि सोबत मूल असेल व तें विचारील, "ती मुलगी कां पळते आहे?" तर त्याला 'कांहीं नाहीं' असें सांगूं नका. तुला काय वाटतें, असें विचारा, आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्या. त्या चित्रांतील पुरुषाचा हात मुठीपर्यंत पोंचलेला नाहीं. मूठ चौकटीवर आहे; म्हणजे ती त्याच्यापेक्षां आपल्याच बाजूला अधिक आहे.